लाखेची मोहोर

गुन्हेगारीच्या मालिका आपल्याकडे घराघरांत आवडीनं पाहिल्या जातात. ‘सी. आय. डी.’ १९९८च्या जानेवारीत सोनी वाहिनीवर सुरू झाली, वीस वर्षं चालली, मध्ये बंद पडली आणि २०२४च्या डिसेंबरात पुन्हा आली. शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न हवेत बोटं फिरवत संशय घ्यायचा, दया दार तोडायचा आणि डॉ. साळुंखे प्रयोगशाळेत काचेच्या नळीतल्या द्रवाचा रंग बदलून दाखवायचे. रंग बदलला की आरोपी सापडला. त्या प्रयोगशाळेत नमुना कधी हरवला नाही, पाकिटावरचं सील कधी फुटलं नाही आणि कुणी कुणाला पाठीशी घातलं नाही. विज्ञानानं एकदा सांगितलं की संपलं, असा विश्वास या मालिकांनी आपल्या मनात पक्का रुजवला.

म्हणूनच एका अमेरिकन मालिकेचा एक भाग आम्हा भावंडांच्या मनात इतकी वर्षं राहिला आहे. त्या भागात संशय प्रयोगशाळेच्या आतल्याच माणसावर येतो.

मालिका ‘सी. एस. आय. न्यूयॉर्क’. ती २००४ ते २०१३ अशी नऊ पर्वं चालली. घटनास्थळी जाऊन केस, धागे, रक्ताचे डाग गोळा करणारं एक पथक आणि त्याचा प्रमुख मॅक टेलर. गॅरी सिनीस या नटानं तो उभा केला आहे. पूर्वीचा लष्करी शिस्तीचा माणूस. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यात बायको गमावलेला. त्याच्या पथकात एडन बर्न नावाची तरुण तपासनीस आहे. हुशार, तडफदार, मॅकच्या विश्वासातली. दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला, म्हणजे सप्टेंबर २००५मध्ये दाखवल्या गेलेल्या भागांत एडनसमोर एक प्रकरण येतं. प्रॅट नावाच्या माणसानं एका बाईवर अत्याचार केला आणि तो शिक्षेवाचून सुटला. आता त्यानं त्याच बाईवर पुन्हा हात टाकला आहे. गुन्हेगार कोण, याबद्दल एडनच्या मनात शंका नाही. तोकडा पडतोय तो पुरावा. त्या माणसाविरुद्धचा जुना पुरावा सीलबंद पाकिटात पडून आहे. त्यातला कण या प्रकरणात ठेवला की काम झालं. एडन ते सील तोडते.

तोडते, पण पुरावा पेरत नाही. हात तिथंच थांबतो. ती कुणाला काही बोलत नाही आणि रोजच्यासारखी कामाला लागते. मग ते फुटलेलं सील मॅकच्या नजरेला पडतं. तो विचारतो आणि ती कबूल करते. मॅक तिला नोकरीवरून काढून टाकतो.

हा भाग आम्ही केबलवर पाहिला तेव्हा तिघंही भावंडं ईदच्या सुट्टीला घरी जमलो होतो. इंग्रजी संवाद अब्बांना समजत नसत. जाहिराती लागल्या की आम्ही त्यांना गोष्ट सांगायचो. भाग संपला आणि आमच्यात वाद पेटला. आपा शाळेत शिकवते, शिक्षा करण्यापूर्वी पोराचं ऐकून घ्यावं या मताची. ती म्हणाली, “तिनं काही पेरलं नाही ना? मोह झाला, आवरला. मोह आवरणाऱ्याला शिक्षा कसली?” धाकटा औषधांच्या कंपनीत. त्याचं म्हणणं, सील तुटलं तिथंच मामला संपला. मनात काय होतं ते कोर्टाला दाखवता येत नाही. मधला दोन्हीकडे मान डोलवत बसला.

अब्बा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एकच विचारलं, “सील तोडल्यावर तिनं त्याच दिवशी नोंद केली का?”

नाही, असं आम्ही सांगितलं.

“मग काय,” अब्बा म्हणाले. “त्याच दिवशी सांगितलं असतं तर नुसतं सील फुटलं असतं. लपवलं, म्हणून माणूस फुटला.”

अब्बांच्या या बोलण्याला वजन का होतं, ते कळायला त्यांची नोकरी सांगायला हवी. अब्बा पोलिसात हवालदार होते आणि नोकरीतली बरीच वर्षं तालुक्याच्या ठाण्यात मुद्देमाल कारकून. गुन्ह्यात जप्त झालेली प्रत्येक वस्तू ज्याच्या ताब्यात राहते तो माणूस. ठाण्याच्या मागच्या बाजूला एक अंधारी खोली होती, एकच जाळीची खिडकी. आत कोयते, कुऱ्हाडी, हातभट्टीचे डबे, सायकली, बायकांची तुटलेली मंगळसूत्रं, रक्तानं कडक झालेले शर्ट. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, चिठ्ठीवर गुन्ह्याचा नंबर आणि दोन पंचांच्या सह्या. कापडात गुंडाळून सुतळीनं आवळलेल्या गाठीवर लाख वितळवून सोडायची आणि ती गरम असतानाच पितळी मोहोर दाबायची. प्रयोगशाळेला जाणाऱ्या पत्रावरही त्याच मोहोरेचा नमुना उमटवायचा. तिकडचा माणूस पुडी उघडण्याआधी दोन्ही छाप ताडून पाहतो आणि सील शाबूत आहे, नमुन्याशी जुळतं, असा शेरा आपल्या अहवालात लिहितो. त्या एका शेऱ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आम्ही लहानपणी विचारायचो, लाख तर कुणीही फोडू शकतं, मग तिचा उपयोग काय? अब्बा म्हणायचे, लाख चोराला अडवत नाही. ती फक्त सांगते, की कुणी आलं होतं. ज्या माणसाला आपण ओळखत नाही, ज्याला आपल्या शब्दावर विश्वास ठेवायला काही कारण नाही, त्याच्यासाठी ती लाख असते. न्यायाधीश, आरोपी, आरोपीचा वकील, मेलेल्याची आई. यांतलं कुणीच त्या अंधाऱ्या खोलीत नसतं.

आता १९८६ सालची गोष्ट. शेताच्या बांधावरून एका तरुणाचा खून झाला. संशयित गावातला वजनदार माणूस. त्याच्या गोठ्यातून कोयता आणि शर्ट जप्त झाला. दोन्हींवर डाग होते. तेव्हा आपल्याकडच्या तपासात डीएनए नव्हता. डाग माणसाच्या रक्ताचे आहेत का आणि रक्तगट कोणता, एवढंच कळायचं. पण तेवढ्यानंही खटल्याला बळ यायचं. कोयता आणि शर्टाची पुडी बांधून, लाख लावून मुंबईला प्रयोगशाळेकडे रवाना झाली. घेऊन गेले आमच्याच मोहल्ल्यातले एक शिपाई. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. दोन घरांमध्ये एकच भिंत. त्यांची मुलगी आमच्याबरोबर शाळेत जायची.

दुसऱ्या रात्री चाचा दारात उभे. बगलेत तीच पुडी. मुंबईला ते पोचलेच नव्हते. त्यांची मुलगी आजोळी गेली होती, तिला विषमज्वर झाल्याचा निरोप वाटेतच मिळाला म्हणून ते सासुरवाडीला उतरले. रात्रभर पोरीच्या उशाशी बसले. पुडी फडताळावर ठेवली होती. सकाळी काढताना हातातून निसटली आणि लाखेचे दोन तुकडे झाले. सुतळी सैल झाली होती, कापड मात्र उघडलेलं नव्हतं. निदान ते तसं सांगत होते.

“भाई, नुसती लाख आहे,” चाचा म्हणाले. “आतला माल तोच आहे. मोहोर तुमच्याकडे आहे. एक थेंब सोडा, मी पहाटेच्या एसटीनं निघतो. तुम्ही आणि मी, तिसऱ्याला कळायचं नाही.”

आम्ही तिघं आतल्या खोलीत जागे होतो. अब्बांनी पुडी उंबऱ्याच्या आत घेऊ दिली नाही. चपला घातल्या आणि चाचांना घेऊन तसेच ठाण्यावर गेले. ठाणे अंमलदाराला उठवलं, पुडी कुठं होती, किती तास होती, लाख कशी फुटली, हे सगळं स्टेशन डायरीत लिहायला लावलं. सकाळी दोन पंच बोलावून पुडी आहे त्या अवस्थेत दाखवली, पंचनामा केला, वरून दुसरं कापड शिवून नवी लाख लावली आणि प्रयोगशाळेच्या पत्रात ही हकिगत जोडली. फौजदारसाहेबांनी कपाळाला हात लावला म्हणतात.

पुढं जे व्हायचं ते झालं. डाग माणसाच्या रक्ताचे निघाले, गटही मयताचाच निघाला. पण सेशन्स कोर्टात बचावाच्या वकिलानं अब्बांची उलटतपासणी घेतली ती सगळी त्या एका रात्रीवर. पुडी कुणाच्या घरात होती? त्या घरात आणखी कोण होतं? ती उघडली नाही, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का? अब्बांनी प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर दिलं, आणि प्रत्येक खऱ्या उत्तरानं खटला थोडा थोडा खचत गेला. दोन साक्षीदार आधीच फितूर झाले होते. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. चाचा निलंबित झाले, चौकशी चालली, दोन वेतनवाढी रोखल्या आणि दूरच्या ठाण्याला बदली झाली.

निकालानंतर मयताची आई आमच्या घरी आली. पायरीवरच बसली, आत आली नाही. म्हणाली, “हवालदारसाहेब, लाख फुटली तर फुटली. माझं लेकरू खोटं होतं का?”

अब्बा काहीच बोलले नाहीत. अम्मीनं चहा पुढं केला, तो तसाच निवला. त्या रात्री अब्बा जेवले नाहीत.

मोहल्ल्यात वेगळंच चाललं होतं. आपल्या माणसाला आपणच बुडवलं, असं लोक बोलत. पोलिसात आपली माणसं मोजकी, त्यातही एकानं दुसऱ्याचा पाय ओढला. तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण सलामाला जवाब कोरडा यायला लागला. चाचांची मुलगी बरी होऊन परत आली, पण आमच्याबरोबर शाळेत जायची बंद झाली. अम्मीला अब्बांचं वागणं पटलं होतं असंही नाही. ती म्हणायची, “नोंद करायची होती तर करायचीच होती. पण तुम्ही त्याला आधी घोटभर पाणी द्यायला हवं होतं. पोरीच्या उशाशी रात्र काढून आलेला माणूस होता तो.” यावरही अब्बा गप्प राहायचे. आम्हाला वाटतं, हे त्यांना मान्य असावं.

त्या मालिकेच्या रात्री मात्र, वीस वर्षांनी, ते पहिल्यांदा त्या प्रकरणावर बोलले. म्हणाले, “त्याचं सगळं खरं असेल. मला आजही वाटतं, तो खरंच बोलत होता. पण त्या रात्री मी लाख सोडली असती, तर त्या खोलीतल्या प्रत्येक पुडीवरची लाख कशी आहे ते फक्त मला आणि त्याला माहीत राहिलं असतं. मग उद्या दुसरं कुणी येतं. म्हणतं, भाई, तेव्हा लावलीत, आता माझ्यासाठी लावा. त्या वेळी पुडीतला शर्ट एखाद्या निर्दोष माणसाचा असता तर? पुडी ना माझी, ना त्याची. अमानत होती.”

अब्बांची भीती फाजील होती का? आम्हाला कधी कधी तसं वाटायचं. मग अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या दोन खऱ्या प्रयोगशाळांची हकिगत वाचनात आली आणि ती शंका गेली.

पहिली बोस्टनची हिंटन प्रयोगशाळा. तिथं अ‍ॅनी डूकन ही रसायनतज्ज्ञ २००३ पासून अमली पदार्थांचे नमुने तपासत होती. तिच्या कामाचा वेग इतरांच्या कितीतरी पट होता. कारण अनेक नमुने ती तपासतच नव्हती. नुसतं पाहून निकाल लिहीत होती. पदव्युत्तर पदवीही तिनं खोटीच सांगितली होती. सहकाऱ्यांना संशय आला, काहींनी वरिष्ठांच्या कानावरही घातलं, पण कामाचा ढीग उपसणारी बाई कुणाला नको असते? जून २०११मध्ये तिनं ९० नमुने नोंद न करता कोठारातून बाहेर काढले आणि मागाहून नोंदवहीत दुसऱ्याची आद्याक्षरं लिहिली. हे उघडकीला आल्यावरही प्रयोगशाळेनं ते कित्येक महिने आपल्यापाशीच ठेवलं. सप्टेंबर २०१२मध्ये तिला अटक झाली, २०१३मध्ये तिनं गुन्हा कबूल केला आणि तिला तीन ते पाच वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २०१७मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं एकवीस हजारांहून अधिक खटले रद्द केले. कित्येक लोकांनी तोवर शिक्षा भोगून संपवली होती. त्यांत दोषी किती आणि निर्दोष किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

दुसरी अ‍ॅमहर्स्टची प्रयोगशाळा. तिथली सोन्या फराक तपासायला आलेले अमली पदार्थ स्वतःच घेत होती, तेही कित्येक वर्षं. जानेवारी २०१३मध्ये एका सहकाऱ्याला नमुने जागेवर दिसले नाहीत. त्यानं शोधाशोध केली, लगेच वर कळवलं आणि फराकला अटक झाली. पण गोष्ट इथं थांबली नाही. तिच्या व्यसनाबद्दलच्या तिच्याच हातच्या नोंदी सरकारी वकिलांच्या हाती लागल्या होत्या. त्या त्यांनी आरोपींच्या वकिलांना दिल्या नाहीत. व्यसन अलीकडचंच आहे असं भासवलं, म्हणजे जुने खटले शाबूत राहतील. २०१७मध्ये न्यायाधीशांनी याला न्यायालयाची फसवणूक म्हटलं आणि पुढच्या वर्षी त्या प्रयोगशाळेचे हजारो खटले बाद झाले.

या दोन हकिगती मालिकेशेजारी ठेवल्या की पडद्यावरचं आणि खरं यांतला फरक दिसतो. पडद्यावर गुपित एकटीचं असतं. एडन सील तोडते, मॅकला दिसतं, निकाल लागतो. प्रत्यक्षात असं गुपित फार काळ एकट्याचं राहत नाही. शेजारच्या टेबलावरच्याला थोडं कळतं, साहेबाला थोडं कळतं. प्रत्येकजण ते आपल्या परीनं सांभाळतो. कुणी मैत्रीखातर, कुणी कचेरीच्या नावासाठी, कुणी कामाचा खोळंबा नको म्हणून. यांतला कुणीही स्वतःला लबाड समजत नाही. माणुसकी दाखवतोय असंच त्याला वाटतं. त्या माणुसकीची किंमत मात्र असा माणूस भरतो, ज्याला त्या खोलीत काय चाललंय याचा पत्ताही नसतो.

मालिकेनं एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे दाखवली, आणि म्हणूनच आपाचा आक्षेप आम्ही आजही मोडीत काढत नाही. खरं वागल्याचं बक्षीस लगेच मिळतं असं तिनं सांगितलं नाही. एडन गेली तरी प्रॅट मोकळाच राहिला. त्याच पर्वाच्या अखेरीला, २००६च्या मे महिन्यात, एका जळालेल्या मोटारीत एडनचा मृतदेह सापडतो. नोकरी गेल्यावरही ती त्याच्या मागावर होती आणि त्यानंच तिला मारलं. तिनं मरता मरता मागं ठेवलेल्या खुणांवरून तिचेच जुने सोबती त्याला पकडतात. तेव्हा सीलबंद पाकिटं त्याच प्रयोगशाळेत जातात. त्या दिवशी त्या पाकिटांवर कुणी विश्वास ठेवला, तो मॅकनं आधी कठोरपणा दाखवला म्हणून, असं धाकट्याचं म्हणणं. आपा म्हणते, तिला दूर लोटलं नसतं तर ती एकटी त्याच्या मागं गेली नसती. दोघांचंही खरं आहे. आमच्यात हा वाद अजून मिटलेला नाही.

आमच्या गोष्टीत तर तेवढाही शेवट नाही. बांधावरच्या खुनातला तो माणूस पुढं म्हातारा होऊन अंथरुणावर गेला. पुन्हा काही पुरावा निघाला नाही. त्या आईच्या प्रश्नाला अब्बांकडे उत्तर नव्हतं, आमच्याकडेही नाही. अब्बा गेले तेव्हा मय्यतीला चाचा दूरच्या गावाहून आले होते. कब्रस्तानापर्यंत खांदा दिला, दुवा मागितली आणि कुणाशी फारसं न बोलता परत गेले. त्यांनी माफ केलं की नुसता शेजारधर्म पाळला, ते आम्ही विचारलं नाही. तो हक्क आमचा नव्हता.

आता कायदा बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, त्याचं चित्रीकरण व्हावं, अशी तरतूद तिच्यात आहे; राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. झडती आणि जप्तीचंही चित्रीकरण करायचं आहे. हे चांगलंच झालं. अब्बा असते तर नक्की म्हणाले असते, की चला, उलटतपासणीत हवालदाराची थोडी तरी सुटका झाली.

पण पुरावा जमा झाल्यानंतर तो वर्षानुवर्षं कुणाच्या तरी ताब्यात राहतो, एका हातातून दुसऱ्या हातात जातो. त्या प्रत्येक हातापाशी कॅमेरा नसतो. तिथं दोन माणसं असतात, त्यांची ओळख असते, उपकार असतात, आजारी पोर असतं. आपली मुलं आता शिकून पोलिसात जातात, प्रयोगशाळेत, दवाखान्यात, बँकेत, कोर्टात कारकून होतात. ज्याच्या ज्याच्या हाती दुसऱ्याची पुडी आहे, त्याच्या दारात कधी ना कधी रात्री एखादा आपला माणूस येऊन उभा राहणार आहे. त्याला आधी घोटभर पाणी द्यावं, हे अम्मीनं सांगितलं आहे. पाणी दिल्यानंतर काय करायचं, ते मात्र ज्यानं त्यानं आधीच ठरवून ठेवलेलं बरं. तो दारात उभा असताना ठरवायला वेळ मिळत नाही.